डाग खरा, डाग खोटा

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या गावाचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हटकून एक हसू येते. "उल्हासनगर? म्हणजे डुप्लिकेट!" 'मेड इन यू. एस. ए.' याचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा लावण्याचा विनोद तर इतका जुना झाला आहे की आता आम्हीच तो आधी सांगून टाकतो, म्हणजे समोरच्याचे श्रम वाचतात. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. घरदार, शेतीवाडी, दुकान सगळे मागे राहिलेल्या माणसांनी हाताला येईल ते करून पोट भरले. करता करता हात असा बसला की अस्सल कोणते आणि नक्कल कोणती हे गिऱ्हाइकाला कळेना. पुढे आमच्यासारखी मराठी कुटुंबे कामाच्या शोधात देशावरून येऊन इथल्या टेकड्यांवर आणि सेक्शनमध्ये स्थिरावली. तीही या कारखानदारीत सामील झाली.

लोक हसतात, त्याला माझी हरकत नाही. पण नक्कल करणे सोपे असते असे जे समजले जाते, ते मला पटत नाही. खोटी वस्तू चांगली करायची तर खरी वस्तू फार वेळ पाहावी लागते. ज्याच्याजवळ खरी असते तो तिच्याकडे कशाला निरखून पाहील?

हे मला माझ्या वडिलांनी शिकवले. शिकवले म्हणजे समोर बसवून नव्हे. कॅम्प ४ आणि ५ मध्ये जीन्सच्या पँटी तयार होतात, हे आपल्या महाविद्यालयात कोणाला सांगण्याची गरज नाही. आपल्यापैकी अर्ध्याअधिक वाचकांच्या घरी त्यांचे धागे कापले जात असतील. माझी आई आजही नगावर धागे कापते. वडील एका वॉशिंगच्या कारखान्यात स्क्रॅपिंगचे काम करीत. कोरी करकरीत पँट फळीवर चढवायची आणि पॉलिश पेपरने मांडीवर, गुडघ्यावर, खिशाच्या तोंडाशी घासायची, की ती दोन वर्षे वापरल्यासारखी दिसते. निळीचा रंग सुताच्या वरवरच बसलेला असतो, आतले सूत पांढरेच असते. घासले की ते पांढरे डोकावते. काही माल पोटॅशियम परमँगनेटने उडवायचा, काही दगडांबरोबर मशीनमध्ये फिरवायचा. नवे जुने करण्याचे हे काम ऐकून गावाकडची आमची आजी कपाळाला हात लावी. "फाटकं नेसायला पैसं देत्यात?" असे ती विचारी. नदीच्या प्रदूषणावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आणि गेल्या दहा-बारा वर्षांत बरेच वॉशिंगचे कारखाने बंद पडले किंवा शहराबाहेर गेले. वडील आता एका गोदामात मालाची चढउतार करतात. पण त्यांची दोन वाक्ये माझ्या कानात बसली आहेत. एक : "जिथं खरं झिजतं, तिथंच घासायचं." आणि दुसरे : "कडा दिसली की माल परत."

आता मुख्य विषयाकडे वळते. विषय जरा संकोचाचा आहे. संपादक मंडळाने तो छापला, तर त्यांचे आभार मानते.

यंदा आपल्या नाट्यमंडळाने आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवली. ती आपल्याच एका विद्यार्थ्याने लिहिलेली. कथा अशी : एका मुलीला पाहायला पाहुणे यायचे आहेत. तिला शिकायचे आहे. ती 'नको' म्हणते, पण तो शब्द घरात कोणाला ऐकूच येत नाही. शेवटी ती आरशासमोर उभी राहते आणि स्वतःच्या मानेवर एक डाग रंगवते. ज्याला आपण सगळे कुजबुजत्या आवाजात 'लव्ह बाइट' म्हणतो, तो. पाहुण्यांतल्या मावशीला तो दिसतो, आणि स्थळ मोडते. तिचा बेत सफल होतो. मग पाहुणे गेल्यावर घरातले विचारतात, "कोण आहे तो?" आणि तो तर कोणीच नाही! ती ओरडून सांगते की हा डाग खोटा आहे. कोणी विश्वास ठेवत नाही. अखेर ती फडताळातली खोबरेल तेलाची बाटली घेते, पदराचे टोक भिजवते आणि सर्वांसमोर डाग पुसून दाखवते. मान स्वच्छ होते. तरी बाप तिच्या मानेकडे पाहतच राहतो. पडदा.

रंगभूषेचे काम माझ्याकडे आले. का, तर "तू कॅम्प चारची ना, तुला जमेल." मीही ते बिरुद मिरवत काम घेतले.

आता काम नेमके काय होते ते पाहा. डाग रंगमंचावर, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, दोन मिनिटांत रंगवायचा. तो शेवटच्या रांगेतून दिसला पाहिजे. तो रंग आहे असे वाटता कामा नये. आणि अर्ध्या तासाने एका पुसण्यात तो संपूर्ण गेला पाहिजे, कारण पुसट जरी राहिला तरी नाटकाचा अर्थच बदलतो. 'नाट्यशास्त्रा'त अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत : आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य. त्यांतला आहार्य म्हणजे वेशभूषा-रंगभूषेचा भाग. परीक्षेत आपण हे चार शब्द लिहितो आणि दोन गुण घेतो. त्यांतला चौथा शब्द एका पोरीच्या मानेवर आणायचा म्हणजे काय, हे मला तेव्हा कळू लागले.

प्रथम मी खरा डाग म्हणजे काय ते समजून घेतले. आपल्या एका शास्त्र शाखेच्या मैत्रिणीने वही काढून समजावले. कातडी फाटत नाही. तिच्याखालच्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या ओढल्या जाऊन फुटतात आणि रक्त आतल्या आत झिरपते. म्हणून असा डाग एकसारखा रंगाचा नसतो, तो ठिपक्याठिपक्यांचा असतो. प्रथम तो लाल, मग जांभळा-निळा. पुढे शरीर ते सांडलेले रक्त आवरायला घेते. हिमोग्लोबिनपासून बिलिव्हर्डिन होते, त्याचा रंग हिरवट. त्यापासून बिलिरुबिन होते, त्याचा रंग पिवळा. काविळीत डोळ्यांत दिसते तेच हे. साधारण दोन आठवड्यांत सगळे निवळते. मार लागून काळेनिळे झाले तरी आत हेच घडते. या ठिकाणी मी थोडी थांबले. म्हणजे प्रेमाने झालेला डाग आणि मारहाणीने झालेला डाग यांत रक्ताला काही फरक कळत नाही. जागा आणि आकार यांवरून काय तो अंदाज. बाकी सगळा फरक माणसे सांगतात तेवढाच.

मोबाईलवर असे डाग रंगवण्याचे जे व्हिडिओ मैत्रिणींनी दाखवले, ते सगळे गोऱ्या कातडीवरचे. त्यांतला गुलाबी रंग आपल्या सावळ्या मानेवर लावला तर तो दिसतच नाही, किंवा कुंकू सांडल्यासारखा दिसतो. आपल्या वर्णावर खरा डाग काळपट जांभळा, जांभळाच्या सालीसारखा दिसतो. कुंकू तर मी घेतलेच नाही. ते पुसले तरी रंध्रांत लाली राहते, आणि हल्लीच्या रासायनिक कुंकवाने कोणाकोणाच्या अंगाला खाजही सुटते. जुन्या रंगभूमीवर सफेदा, पिवडी आणि हिंगूळ तोंडाला फासत. त्यांतल्या हिंगुळात पारा असतो. नटांनी ते सोसले. आपल्याला सोसण्याचे कारण नाही. कोणी सांगितले, दंतमंजनाची पेस्ट चोळ. कोणी सांगितले, बाटलीचे तोंड लावून ओढ. पेस्टने कातडी चुरचुरते, बाटलीने खराच डाग पडतो. खरा डाग पाडून तो खोटा म्हणून दाखवायचा, तर मग रंगभूषाकाराची गरज काय?

अनेक प्रयोगांनंतर जी कृती ठरली ती अशी. मानेवर कोल्ड क्रीमचा अगदी पातळ हात फिरवायचा आणि त्यावर पावडर टिपायची. हा झाला पाया. मग एका करंड्यात आधीच कालवून ठेवलेला रंग घ्यायचा : विटकरी लिपस्टिक, मरून लिपस्टिक आणि चिमटीभर काजळ. गादीतल्या स्पंजचा तुकडा घ्यायचा, पण कात्रीने कापलेला नव्हे, हाताने फाडलेला. कापलेल्या तुकड्याची सरळ कडा उमटते. त्याने रंग फासायचा नाही, टिपायचा. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, लांबट आकार. मग कोरड्या बोटाने कडा मारायची. शेवटी पुन्हा पावडरचा एक हलका थर, कारण खरा डाग चमकत नाही. रंग कातडीवर बसलेला दिसता उपयोगाचा नाही, तो कातडीखालून वर आलेला दिसला पाहिजे. लिपस्टिक मेणा-तेलाची असते, त्यामुळे पाण्याला ती दाद देत नाही, पण खोबरेलाच्या एका हाताने मुकाट्याने निघून येते. लेखकाने तेलाची बाटली लिहिली होती ती सहज म्हणून. रसायनशास्त्राने त्याची लाज राखली.

ही कृती मी रात्री घरी, आरशासमोर, स्वतःच्या मानेवर करून पाहत असे. आमचे घर म्हणजे एकच खोली. त्यात चोरून काही करणे शक्य नाही, आणि मला चोरायचेही नव्हते. आई बाजूला धागे कापत बसली होती. तिने मान वर केली आणि कात्री खाली ठेवली. मला वाटले, आता तोफ डागली जाणार.

"हिकडं ये, उजेडात," ती म्हणाली. माझी हनुवटी धरून तिने मान वळवली आणि बराच वेळ पाहिले.

"हे भाजल्यावानी दिसतंय," ती म्हणाली. "आसं नसतं."

"मग कसं असतं?"

"सगळीकडं सारखं नसतं. टिपकं टिपकं असत्यात. आन् दोन-तीन दिसांनी कडंनी हिरवट व्हतं."

बिलिव्हर्डिन! जे माझ्या मैत्रिणीने वहीत सूत्रासकट लिहून दिले होते, ते चौथी शिकलेली माझी आई तोंडी सांगत होती. मी तिच्याकडे पाहतच राहिले. ती आधी लाजली आणि मग हसू लागली. इतकी हसली, की कापलेले धागे मांडीवरून सगळीकडे उडाले.

मग तिने सांगितले. लग्न होऊन ती या टेकडीवर आली तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत सातजण होते. सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि ही दोघे. मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा. एके दिवशी सकाळी नळावर नणंदेने सगळ्या बायकांदेखत विचारले, "वहिनी, मानेला काय झालं?" आईच्या तोंडून निघून गेले, "ढेकूण चावला." बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तेवढ्यात मागून आजी, म्हणजे आईची सासू, हंडा घेऊन आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मंग! ढेकणं लई झाल्यात. मलाबी झोपू देईनात." एवढ्यावर ती थांबली नाही. घरी येऊन तिने सगळ्या गोधड्या उन्हात टाकल्या, खाटेच्या फटींत रॉकेल ओतले. तीन दिवस हा सोहळा चालला.

"आजीला खरंच वाटलं?" मी विचारले.

"त्यांना काय कळंना व्हय?" आई म्हणाली. "तीन दीस रॉकेल वतलं त्यांनी, पर मला एक शबुद इचारला न्हाई."

हे ऐकताना मला वर्गातला एक तास आठवत होता. आपल्या सरांनी साहित्यशास्त्र शिकवताना अभिधा, लक्षणा, व्यंजना समजावून सांगितल्या आणि आनंदवर्धनाच्या 'ध्वन्यालोका'तले एक उदाहरण दिले. ग्रंथ नवव्या शतकातला, काश्मीरचा. पण उदाहरण प्राकृत गाथेचे, म्हणजे आपल्या मराठीच्या पूर्वजांच्या बोलीतले. एका विवाहित स्त्रीच्या ओठावर खूण आहे. ती नवऱ्याची नाही. नवरा जवळपासच आहे. तेव्हा तिची मैत्रीण मोठ्याने तिलाच रागावते : प्रियेच्या ओठावर व्रण पाहून कोणाला राग येणार नाही? भुंगा असलेले कमळ हुंगू नको म्हणून सांगितले होते, ऐकले नाहीस, आता भोग! बोलणे तिच्याशी चालले आहे, पण ऐकायचे आहे नवऱ्याने. पुढे अभिनवगुप्ताने आपल्या टीकेत त्याचा आणखी विस्तार केला आहे. तेच एक वाक्य नवऱ्याला एक सांगते, शेजाऱ्यांना दुसरे, सवतीला तिसरे, आणि त्या चोरट्या प्रियकराला चौथे.

सर हे सांगत होते तेव्हा आम्ही मागच्या बाकांवर खिदळत होतो. आता लक्षात आले, की माझी आजी, जिला सही करता येत नव्हती, ती नळावर उभी राहून तेच करीत होती. गाथेतल्या मैत्रिणीने भुंगा पुढे केला, आजीने ढेकूण. आमच्याकडे कमळे नव्हती, ढेकूण मुबलक होते. तिचे वाक्य ऐकायला होते आईला, पण ते होते नळावरच्या बायकांसाठी. आणि आईसाठी त्यात वेगळाच निरोप होता : घाबरू नको, मी आहे. एवढी व्यंजना कोणत्या पाठ्यपुस्तकात असेल?

मराठीला २०२४ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा 'गाथासप्तशती'चे नाव सर्वांनी अभिमानाने घेतले. ते घ्यावेच. पण त्या सातशे गाथांत गोदाकाठच्या साध्या माणसांचे जे उघडेवाघडे प्रेम आहे, नखांच्या आणि दातांच्या खुणा आहेत, त्या आज कोणी वाचून दाखवू लागले तर खुर्च्या सरकल्याचे आवाज येतील. वात्स्यायनाने तर दशनक्षतांचे प्रकार मोजून नावे दिली आहेत. नुसती लाली दिसते तो 'गूढक', ठिपक्यांची रांग ती 'बिंदुमाला'. जुन्या नायिकाभेदात 'खंडिता' नावाची नायिका आहे. दुसरीच्या खुणा अंगावर घेऊन आलेल्या प्रियकराकडे पाहून ती संतापते. म्हणजे तिथे खूण पुरुषाच्या अंगावर आहे आणि जाब त्याला विचारला जातो. आमच्या लालचक्कीच्या नाक्यावर एखाद्या मुलाच्या मानेवर असा डाग दिसला तर मित्र त्याच्या पाठीवर थाप मारतील. मुलीच्या मानेवर दिसला तर तिचे कॉलेज बंद होईल. डाग तोच, रक्त तेच.

तालमी रंगात आल्या होत्या. अशा वेळी एका जाणकार गृहस्थांनी तालीम पाहिली आणि आपुलकीनेच सुचवले, "नाटक चांगलं आहे. फक्त तो डाग मानेवर नको. गालावर घ्या. थोबाडीत मारल्याचा दाखवा. कोणाला काही वाटणार नाही."

कोणाला काही वाटणार नाही! हे वाक्य मी घरी घेऊन आले. आमच्या ओळीत पलीकडे एक बाई राहतात. त्यांच्या दंडावर, कधी डोळ्याखाली, निळे दिसते. त्या म्हणतात, "मोरीत पाय घसरला." आमच्या ओळीतल्या सगळ्या मोऱ्या सारख्या आहेत, दोन हात लांब आणि दीड हात रुंद. त्यांत माणूस धड वाकू शकत नाही, मग पडेल कसा? पण ओळीतल्या सगळ्या बाया मान डोलावतात आणि म्हणतात, "फरशी लई गुळगुळीत हाय." इथेही तीच व्यंजना आहे. पण आजीच्या ढेकणाने एका मुलीला सांभाळले होते. ही गुळगुळीत फरशी कोणाला सांभाळते, याचा विचार मी करू लागले. २००५ सालापासून कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध कायदा आहे. त्या बाईंना तो ठाऊक नाही असेही नाही. माझी आई एक दिवस त्यांच्याकडे गेली आणि बराच वेळ दार लावून बसली. काय बोलली ते तिने मला सांगितले नाही. त्यानंतर त्या बाई दुपारी धागे कापायला आमच्याकडे येऊन बसतात, एवढेच मला दिसते.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी मोठी चर्चा झाली. दिग्दर्शकाने एका जुन्या नाटकाची हकीकत सांगितली. विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' डॉ. श्रीराम लागूंनी १९७० साली रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यात माणिकच्या साडीवर गर्भपाताचा लाल डाग होता. परिनिरीक्षण मंडळाने त्या लाल डागाला हरकत घेतली. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना जाहीरपणे सांगण्यात आले की हा निळा डाग लाल समजावा! एकजण म्हणाला, आपणही गालावर डाग दाखवू आणि तो मानेवरचा समजावा अशी घोषणा करू. सगळे हसले. मग आमची नायिका, जी एरवी तालमीबाहेर फारशी बोलत नाही, ती शांतपणे म्हणाली, "थोबाडीत मारल्याच्या डागानं स्थळ मोडत नाही. पाहुणे म्हणतील, मुलगी धाकात वाढलेली आहे."

चर्चा तिथेच संपली. डाग मानेवर राहिला.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी प्रकाशयोजना लागली तेव्हा एक निराळाच पेच उभा राहिला. त्या प्रसंगाला लाल दिवा योजला होता. लाल उजेडात लाल रंग विरून जातो, हे पुस्तकात वाचले होते. डोळ्यांनी तेव्हा पाहिले. डाग गायब! शेवटी दिवे सांभाळणाऱ्या मुलाने लाल कागद काढून फिकट निळा लावला, आणि निळ्या उजेडात तोच डाग काळाशार होऊन उठला. कडेला मी हळदीचे बोट अगदी नखभर फिरवले होते. तो डाग ताजा, हिरवट-पिवळा कशाला, असे कोणी विचारील. खरे आहे. पण ती आईची सूचना होती, म्हणून एका बाजूला ती राहू दिली.

प्रयोग झाला. मावशीचे काम करणारीने नायिकेचा पदर सरकलेला पाहिला, तेव्हा प्रेक्षागृहात एक बारीकसा श्वास ऐकू आला. आणि शेवटी तेलाच्या पदराने डाग पुसला गेला, स्वच्छ मान दिव्याखाली आली, तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. ती पडदा पडल्यावर वाजली. परीक्षकांपैकी एक बाई नंतर मला म्हणाल्या, "रंगभूषा दिसलीच नाही, डाग दिसला." बक्षीस दुसऱ्या महाविद्यालयाला गेले. मला त्या वाक्याची शिदोरी पुरते.

पण माझ्या मनात राहिले ते परतीच्या गाडीतले. रात्रीची कर्जत लोकल. आमची नायिका बदलापूरला राहते. मला विठ्ठलवाडीला उतरायचे होते. तिने ओढणी मानेभोवती गच्च गुंडाळली होती. डोंबिवली गेल्यावर ती म्हणाली, "एकदा बघ ना." मी पाहिले. काही नव्हते. कल्याणला पुन्हा म्हणाली, "नीट बघ. भाऊ येणार आहे स्टेशनवर." मी पर्समधून तेलाची बाटली आणि कापूस काढला, पुन्हा पुसले, कापूस तिला दाखवला. तो पांढराशुभ्र होता. "गेलंय गं," मी म्हटले. ती हसली, पण ओढणी तिने सोडली नाही. नाटकातला बाप स्वच्छ मानेकडे पाहत राहतो, हे लेखकाने लिहिले तेव्हा मला ते जरा ताणलेले वाटले होते. विठ्ठलवाडीच्या फलाटावर उभी राहून पुढे जाणाऱ्या गाडीकडे पाहताना ते मुळीच ताणलेले वाटले नाही.

पुढे पालकांसाठी महाविद्यालयात दुसरा प्रयोग झाला. आई-वडील दोघेही आले. आयुष्यात प्रथमच ती दोघे एखाद्या नाटकाला शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसली होती. चार दिवसांनी आत्याचा फोन आला. बातमी तिच्यापर्यंत पोहोचली होतीच. माझ्यासाठी एक स्थळ तिच्या मनात आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मलाही ऐकू आले. "स्थळ बघायच्या वयात पोरगी असले डाग काढायला शिकली होय? लोक काय म्हणतील?"

आई म्हणाली, "लोकांना सांगा, तिला पुसताबी येतंय." आणि तिने फोन वडिलांच्या हातात दिला.

वडील बोलणारे नाहीत. ते थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिसरं वर्ष होऊ दे आक्का. मग बोलू." फोन ठेवला, आणि माझ्याकडे न पाहता, चपला शोधता शोधता म्हणाले, "मी दुसऱ्या रांगेत होतो. कडा नाही दिसली."